मन पाहावे की मत पाहावे?

निवडणुकीचा हंगाम आला की आपल्या वस्त्यांतून उमेदवारांची वर्दळ सुरू होते. कोणी बुद्धमूर्तीपुढे नतमस्तक होतो, कोणी बाबासाहेबांच्या पुतळ्यास हार घालतो, कोणी आपल्या घरी पंक्तीस बसून भाकरी खातो. तो निघून गेल्यावर ओट्यावर चर्चा होते : "माणूस मनाचा मोठा आहे, जातपात मानीत नाही." हे प्रशस्तिपत्र एकदा देऊन टाकले म्हणजे त्या गृहस्थाने सभागृहात कोणत्या बाजूने हात वर केला, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. उमेदवाराचे मन पाहून आपण समाधान पावतो आणि त्याचे मत पाहावयाचे विसरतो.

ही सवय किती महाग पडू शकते, हे समजण्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचा दाखला घेत आहोत. दूरच्या दाखल्यात आपला-परका कोणी नसतो; त्यामुळे तराजू धरणारा हात थरथरत नाही. हा दाखला आहे अमेरिकेतील १९६४ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचा. डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन आणि रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर हे दोन उमेदवार समोरासमोर उभे होते. (रिपब्लिकन या नावावरून गोंधळ होऊ देऊ नये. १९५७ साली आपल्याकडे स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष निराळा. अमेरिकेतील हा पक्ष अब्राहम लिंकन यांचा.) आपले राष्ट्रपती खासदार व आमदार निवडतात आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र प्रत्यक्ष राज्यकारभार चालवितो, कायद्यावर सही करतो किंवा ती नाकारतो, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमतो. म्हणून तेथे एका माणसाच्या निवडीवर कोट्यवधींचे भवितव्य टांगलेले असते.

त्या वर्षी ते कोणाचे टांगलेले होते? मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय नागरिकांचे. गुलामगिरी कायद्याने संपून जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. तरीही हॉटेलात खोली मिळत नव्हती, खानावळीत गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, पाण्याचे नळ वेगळे, बसस्थानकावरील बाके वेगळी. शाळांतील भेदभाव घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. पण दक्षिणेत तो बहुतांशी कागदावरच होता. मतदानाचा हक्क घटनेत लिहिलेला होता, पण मिसिसिपी राज्यात मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातांचीही नोंद मतदारयादीत नव्हती. चवदार तळ्याची हकीकत ज्यांच्या घरात आजोबांच्या तोंडून आली आहे, त्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

अध्यक्ष केनेडी यांनी जून १९६३ मध्ये नागरी हक्कांचे व्यापक विधेयक मांडण्याची घोषणा केली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष जॉन्सन हे अध्यक्ष झाले. या विधेयकाचे दुसरे प्रकरण सांगत होते की, हॉटेल, खानावळ, नाट्यगृह अशा सर्वांसाठी उघड्या असलेल्या जागी वंश, वर्ण, धर्म यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही. सातवे प्रकरण नोकरीतील असाच भेदभाव बंद करीत होते. या दोन प्रकरणांवरच खरी लढाई झाली, आणि त्याच लढाईत दोन्ही उमेदवारांची परीक्षा झाली.

आता दोन्ही माणसे पाहू.

गोल्डवॉटर यांचे कुटुंब अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात मोठे दुकान चालवीत असे. वैयक्तिक जीवनात हा गृहस्थ वर्णद्वेष्टा नव्हता, ही गोष्ट त्यांचे विरोधकही मान्य करीत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या फिनिक्स शाखेचे ते सभासद होते. आपल्या राज्याच्या हवाई रक्षक दलातील वर्णभेद दूर करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. नागरी हक्कांच्या १९५७ आणि १९६० सालच्या कायद्यांस त्यांनी सेनेटमध्ये पाठिंबा दिला होता. काळी व गोरी मुले एका शाळेत शिकावीत हे आपणांस न्याय्य वाटते, असे त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिले. मात्र त्याच पुस्तकात, तसे करावयास भाग पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला नाही, असेही लिहिले. १९६४ च्या प्रचारात त्यांच्या समर्थकांनी वर्णद्वेषास खतपाणी घालणारा एक चित्रपट तयार केला, तेव्हा गोल्डवॉटर यांनी स्वतः तो नाकारला. असा माणूस आपल्या वस्तीत आला असता तर आपण त्यास खचितच मनाचा मोठा म्हटले असते. आणि तेवढ्यापुरते ते खोटेही ठरले नसते.

पण १९ जून १९६४ रोजी सेनेटमध्ये विधेयकावर अंतिम मतदान झाले, तेव्हा हा मोठ्या मनाचा माणूस "नाही" म्हणाला. विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाले. गोल्डवॉटर यांच्या पक्षाच्या ३३ सभासदांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिले; विरोधात गेलेल्या सहांत ते स्वतः होते.

त्यांचा युक्तिवाद आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून सांगणे हे वकिलास शोभत नाही. ते म्हणत : भेदभाव वाईटच आहे, परंतु दुकान कोणाला उघडावे आणि नोकरी कोणाला द्यावी हा मालकाचा प्रश्न आहे. घटनेने केंद्रास तो अधिकार दिलेला नाही. असा कायदा अमलात आणावयाचा तर पोलिसी राज्य निर्माण करावे लागेल आणि शेजारी शेजाऱ्याची चहाडी करू लागेल. माणसांची मने बदलली पाहिजेत. कायद्याने ती बदलत नाहीत. या युक्तिवादास आधारच नव्हता असेही नाही. १८८३ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना बांधत नाही, असे ठरवून १८७५ च्या अशाच एका कायद्याची कलमे रद्द केली होती.

वाचकहो, हा युक्तिवाद तुम्हांस ओळखीचा वाटत नाही काय? महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह पाणी प्राशन केले. त्यानंतर विरोधकांनी त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला, तो याच धाटणीचा : तळे खाजगी आहे, ते सार्वजनिक नव्हेच! मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! मालकीचा हक्क पवित्र मानणाऱ्यांस हे कधी दिसत नाही की, गावातील प्रत्येक दार खाजगी असेल आणि प्रत्येक मालक एकाच माणसास हाकलीत असेल, तर त्या माणसासाठी गाव हेच कारागृह होते. म्हणून आपल्या संविधानाने हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडला नाही. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तळी आणि स्नानघाट यांची नावे घेऊन मज्जाव निषिद्ध केला, आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या कलमांचा बोज सरकारइतकाच खाजगी माणसावरही आहे. अमेरिकेस १९६४ साली जे साधावयाचे होते ते आपल्या देशाने १९५० सालीच मूलभूत हक्क म्हणून लिहून ठेवले होते. ज्या विद्वानाच्या मसुदा समितीने ते लिहिले, तो १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता, ही गोष्टही येथे ध्यानी घ्यावी.

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू.

जॉन्सन हे टेक्सास या दक्षिणेकडील राज्याचे. त्यांचे पूर्वचरित्र पाहून कोणाही कृष्णवर्णीय मतदाराने त्यांच्यापासून चार हात दूर राहावे असेच होते. १९३७ साली ते प्रतिनिधिगृहात गेले, १९४९ साली सेनेटमध्ये गेले, आणि पहिली वीस वर्षे नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकास त्यांनी विरोध केला. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धच्या कायद्यालाही ते विरोधच करीत राहिले. १९४८ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्कांच्या योजनेची त्यांनी जाहीर सभेत थट्टा केली. १९५७ चा कायदा त्यांनीच सेनेटमध्ये संमत करून घेतला हे खरे. पण तो संमत व्हावा म्हणून त्याचे दातही त्यांनीच काढले. खाजगी बोलण्यात ते कृष्णवर्णीयांविषयी अपमानकारक शब्द वापरीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. तरुणपणी कोतुला या गावी त्यांनी गरीब मेक्सिकन मुलांना शिकविले होते आणि त्या मुलांच्या डोळ्यांतील दैन्य आपण विसरलो नाही असे ते पुढे सांगत. परंतु वीस वर्षांच्या मतदानात त्या आठवणीचा मागमूस दिसत नव्हता.

हाच माणूस अध्यक्ष झाल्यावर पाचव्या दिवशी, २७ नोव्हेंबर १९६३ रोजी, दोन्ही सभागृहांपुढे उभा राहिला आणि हे विधेयक लवकरात लवकर संमत करा, असे त्याने सांगितले. दक्षिणेच्या सभासदांनी सेनेटमध्ये भाषणे लांबवून विधेयक आठवडेच्या आठवडे अडवून धरले. जॉन्सन यांनी त्याचे दात या वेळी काढू दिले नाहीत. सभासदांस बोलावून, समजावून, धाक घालून, मोहात पाडून त्यांनी मते गोळा केली. विरोधी पक्षाचे साह्य घेतले. १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्याचा ठराव झाला आणि २ जुलै रोजी कायद्यावर अध्यक्षांची सही झाली.

म्हणून जॉन्सन हे देवमाणूस ठरतात काय? मुळीच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या कृष्णवर्णीयांनी आपले स्वतंत्र प्रतिनिधी पाठविले, कारण राज्याच्या अधिकृत प्रतिनिधिमंडळात त्यांना स्थानच नव्हते. शेतमजुरी करणाऱ्या फॅनी लू हेमर या बाईंनी मतदारनोंदणीसाठी सोसलेली मारहाण अधिवेशनाच्या समितीपुढे सांगितली. ती साक्ष दूरचित्रवाणीवरून देश पाहत असताना जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळविले. शेवटी त्या प्रतिनिधींस अवघ्या दोन जागा देऊ केल्या गेल्या आणि त्यांनी त्या स्वाभिमानाने नाकारल्या. मते हवीत पण मानाचे पान द्यावयाचे नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

इतर धोरणांतही दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले होते. गोल्डवॉटर यांस सरकारचा पसाराच कमी करावयाचा होता आणि वृद्धांच्या निवृत्तिविम्याची सक्तीही नको होती. अण्वस्त्र चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारासही गोल्डवॉटर यांनी विरोधी मत दिले होते. गरिबाच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशोब कठीण नव्हता.

मतदारांनी काय केले? ३ नोव्हेंबर १९६४ रोजी जॉन्सन यांस सुमारे ६१ टक्के मते आणि निर्वाचक मंडळातील ४८६ मते मिळाली. गोल्डवॉटर यांस निर्वाचक मंडळातील ५२. कृष्णवर्णीय मतदारांनी फार मोठ्या बहुमताने जॉन्सन यांस मत दिले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याआधीच सांगितले होते की, गोल्डवॉटर स्वतः वर्णद्वेष्टे नसले तरी त्यांची विचारसरणी वर्णद्वेष्ट्यांस बळ देते. निकालाने हे शब्द खरे केले. गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या राज्याव्यतिरिक्त जी पाच राज्ये जिंकली ती मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलिना. म्हणजे वर्णभेदाचे बालेकिल्ले. मिसिसिपीत तर त्यांस सुमारे ८७ टक्के मते पडली. तेथील गोऱ्यांनी त्यांचे उदार मन पाहिले नव्हते. त्यांनी १९ जूनचे मत बरोबर पाहिले होते. वाचकहो, ही गोष्ट गाठीस बांधून ठेवा. अन्याय करणारा वर्ग उमेदवाराचे मत पाहून निवड करतो. अन्याय सोसणाऱ्यानेच मन पाहत का बसावे?

पुढे काय घडले तेही पाहावे. अटलांटा शहरातील २१६ खोल्यांच्या एका हॉटेलच्या मालकाने नव्या कायद्याविरुद्ध तत्काळ दावा लावला. त्यात त्याने असाही मुद्दा मांडला की, कृष्णवर्णीयांस खोली देण्याची सक्ती म्हणजे मालकावर लादलेली गुलामगिरी होय! ज्यांना शतकानुशतके गुलाम केले, त्यांच्यासाठी दार उघडणे ही गुलामगिरी! १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा दावा फेटाळला. त्याच दिवशी बर्मिंगहॅमच्या एका खानावळीचा खटलाही निकालात निघाला. तेथील दोन तृतीयांश नोकर कृष्णवर्णीय होते, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास आत बसून जेवता येत नसे. अन्न घेऊन बाहेर जावे लागे. चहाच्या दुकानाबाहेरची वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या निकालाचे मोल कळेल. ऑगस्ट १९६५ मध्ये जॉन्सन यांनी मतदानाच्या हक्काच्या कायद्यावर सही केली, आणि मिसिसिपीत जेथे शेकडा सात कृष्णवर्णीयही नोंदलेले नव्हते तेथे १९६७ पर्यंत शेकडा सुमारे साठ नोंदले गेले. मने बदलण्याची वाट पाहिली असती तर हे साठ कधी झाले असते?

तथापि, उमेदवाराची व्यक्तिगत मूल्ये अजिबात पाहूच नयेत, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. त्याच प्रचारात जॉन्सन यांनी, आशियाई तरुणांनी लढावयाची लढाई लढण्यास अमेरिकन तरुणांना पाठविणार नाही, अशा अर्थाचे आश्वासन दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी व्हिएतनामात लढाऊ फौजा उतरविल्या आणि १९६८ साली तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. त्या युद्धात गरिबांची मुले मोठ्या संख्येने गेली, काळ्यांचीही गेली, आणि व्हिएतनामी जनतेच्या हालांना तर सीमाच राहिली नाही. म्हणजे चारित्र्य पाहावयाचे ते येथे : हा माणूस जनतेशी खरे बोलतो काय? दिलेला शब्द पाळतो काय? तो आपल्या घरी जेवला की नाही, हे त्याच्या चारित्र्याचे प्रमाण नव्हे. जेवण ही एका सायंकाळची गोष्ट. शब्द ही पाच वर्षांची.

या सर्वाचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या दीक्षेचे कौतुक करणारी भाषणे या देशात पुष्कळ झाली. परंतु १९५० च्या आदेशातील एका परिच्छेदामुळे बौद्ध झालेल्या माणसास केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती आधी दिल्या. पण केंद्रीय आदेशात "बौद्ध" हा शब्द घालणारी दुरुस्ती १९९० साली झाली. चौतीस वर्षे! एका पिढीची शिष्यवृत्ती, नोकरी आणि राखीव जागा त्या एका शब्दाअभावी अडून राहिल्या. तो शब्द कोणाच्या मनाच्या मोठेपणाने आला नाही. संसदेत मते पडली तेव्हा आला.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. उमेदवार दारी आला तर त्याचा आदरसत्कार जरूर करा. पाहुण्याचा मान राखणे ही आपली रीत आहे. पण पाणी दिल्यावर प्रश्नही विचारा. गेल्या खेपेस सभागृहात आमच्या हक्काचा प्रश्न निघाला तेव्हा आपण कोठे होता? मत कोणत्या बाजूने दिले? की त्या दिवशी गैरहजर राहिलात? आपण हरलात तर दुःख कोणास होईल, आणि जिंकलात तर गुलाल कोण उधळील? गेल्या निवडणुकीत दिलेला शब्द कोणता, आणि त्याचे काय झाले? ज्याची उत्तरे समाधानकारक असतील तो गोड बोलणारा नसला तरी चालेल. ज्याची उत्तरे नसतील, त्याने आपल्या ताटात दहा वेळा जेवून हात धुतले तरी त्यास मत देण्याचे कारण नाही.

घरातील शिकलेल्या मुलामुलींनी याकामी पुढे यावे. विधानसभेचे आणि संसदेचे कामकाज छापले जाते. ते गुपित नसते. आपल्या मतदारसंघाच्या सभासदाने वर्षभरात काय विचारले, कशास पाठिंबा दिला, कशास विरोध केला, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर ती मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या आयाबहिणींना अक्षरओळख नाही, त्यांनाही ती ऐकता येईल. मताचा अधिकार आपणांस दान म्हणून मिळालेला नाही. तो वापरतानाही आपण दान दिल्यासारखे वागू नये. बुद्धाने डोळे मिटून कशावर विश्वास ठेवा असे कधी सांगितले नाही. मग उमेदवारावर तरी तो का ठेवावा?